काही सूचना असल्यास...

मी फीडबॅक फॉर्म बनवतो. म्हणजे पोटापाण्यासाठी. लोअर परळला एका विमा कंपनीच्या 'कस्टमर एक्सपिरियन्स' टीममध्ये आहे. तुम्ही कॉल सेंटरला फोन करता आणि लगेच मेसेज येतो ना, 'एक ते पाचमध्ये आम्हाला किती स्टार द्याल?', तो पाठवणारा प्राणी म्हणजे मी. तुम्ही तो न वाचताच डिलीट करता, हेही मला माहीत आहे. राग नाही. मीही तेच करतो.

आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक रिकामा चौकोन असतो. 'काही सूचना असल्यास...' तो चौकोन कुणी वाचत नाही. स्टारची सरासरी निघते, ग्राफ निघतो, बॉसला दाखवता येतो. चौकोनात लोकांनी लिहिलेल्या गोष्टींचं काय करायचं? वर्षाअखेरीला एक्सेलच्या कुठल्या तरी शीटमध्ये त्या सुखानं झोपतात. मी सहा वर्षं ही नोकरी केली आणि या गोष्टीचं मला कधी वाईटही वाटलं नाही.

जुलै २०२२ मध्ये साताऱ्याहून ताईचा फोन आला. गुंड्याला, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला, तीन आठवडे ताप येत-जात होता. पाय दुखतात म्हणून रडायचा. आधी सगळ्यांना वाटलं, शाळा बुडवायचे धंदे! मग अंगावर निळे डाग दिसायला लागले. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दाजींना बाजूला घेऊन म्हणाले, ''उद्याच मुंबईला निघा.''

मुंबईला मामा होताच. कांजूरमार्गला वन बीएचके, रूममेट नुकताच बंगलोरला गेलेला. ताई, दाजी, गुंड्या आणि दोन बॅगा घरात आल्या. आठवड्याभरात निदान झालं : अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो, आणि उपचार पूर्ण घेतले तर यातून बरीच मुलं बरी होतात. 'पूर्ण' या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली. पहिले काही महिने कडक कीमो, मग घरी गोळ्या आणि तपासण्या. सगळं मिळून साधारण अडीच वर्षं.

ताई एवढंच म्हणाली, ''अडीच वर्षं? मग पहिलीत कधी घालायचं?''

हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. एक तर पुढे जे सांगतोय ते कुठल्याही मोठ्या, गर्दीच्या हॉस्पिटलात घडू शकतं. आणि दुसरं म्हणजे, आमचं पोर तिथल्याच माणसांनी बरं केलंय.

साडेतेरा तास उपाशी

या आजारात कीमोचं औषध मणक्यातूनही द्यावं लागतं, कारण कॅन्सरच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यात लपून बसू शकतात. मुलाला गुंगी देऊन पाठीत सुई घालतात. त्यासाठी पोट रिकामं हवं. आम्हाला सांगितलं होतं, रात्री बारानंतर काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही.

सकाळी सातला आम्ही डे केअरमध्ये हजर. नंबर आला दुपारी दीड वाजता. तुम्हीच गणित करा. त्यात गुंड्याचे स्टिरॉइड चालू होते. स्टिरॉइडवर असलेल्या मुलाला जी भूक लागते ती बघितल्याशिवाय कळत नाही. एरवी पोळीचे चार घास खाताना नखरे करणारा आमचा हिरो रात्री दोनला उठून वरण-भात मागायचा. त्या दिवशी तो हात धुवायच्या निमित्तानं तीन वेळा बेसिनपाशी गेला. तिसऱ्यांदा मी बघितलं, तो ओला हात चाटत होता.

मी कस्टमर एक्सपिरियन्सवाला माणूस. मनातल्या मनात स्टार देऊन टाकले. शून्य.

तीन तास

ऑक्टोबर २०२२. दिवाळीच्या आधीचा आठवडा. रात्री अकराला गुंड्याचं अंग गरम लागलं. ताईनं तापाचं औषध पाजलं. घाम आला, ताप उतरला, तो झोपला. आम्हीही झोपलो. पहाटे तीनला तो थंडीनं कुडकुडत उठला. ओठ पांढरे. टॅक्सी करून पावणेचारला आम्ही कॅज्युअल्टीत.

पुढची गोष्ट तुमच्या ओळखीची असेल. आधी केसपेपर काढा. फाइल कुठंय? फाइल रेकॉर्ड रूममध्ये. रेकॉर्ड रूम आठला उघडते. ड्यूटीवरचा डॉक्टर अ‍ॅक्सिडेंटच्या दोन पेशंटमध्ये अडकलेला. तो आला, त्यानं बघितलं, औषध लिहून दिलं. मेडिकल स्टोअर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. मी धावत गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, ''शिक्का कुठाय?'' परत धावत आलो, शिक्का घेतला, परत गेलो. अँटिबायोटिकचा पहिला थेंब गुंड्याच्या शिरेत गेला तेव्हा पावणेसात वाजले होते. तीन तास. त्यानंतर चार दिवस तो आयसीयूत होता.

हे एवढं का महत्त्वाचं, ते मला नंतर कळलं. कीमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास संपतात. जंतूंशी लढायला कुणी शिल्लकच नसतं. आपल्यासारख्याला जखम झाली की ती लाल होते, पू होतो. या मुलांमध्ये तेवढीही खूण दिसेलच असं नाही. बऱ्याचदा ताप हीच एकमेव खूण. काही तासांत इन्फेक्शन रक्तात पसरून मूल हाताबाहेर जाऊ शकतं. म्हणून मूल दारात आल्यापासून तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असं जगभरचे कॅन्सरचे डॉक्टर सांगतात. बाकी तपासण्या, कागद, शिक्के नंतर.

गुंड्या वॉर्डात परत आला आणि मी लॅपटॉप उघडला. तीन पानी ई-मेल लिहिली. कडक इंग्रजीत. वेळा टाकून, मुद्दे पाडून, चार जणांना सीसी करून. उत्तर आलं, आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. मी हसलो. हे वाक्य मी स्वतः शेकडो लोकांना पाठवलंय.

पण आठवड्याभरानं हॉस्पिटलच्या सोशल वर्कर मॅडमचा फोन आला. ''शनिवारी पालकांची मीटिंग आहे. आपल्या वॉर्डात काय बदलायला हवं ते ठरवायला. तुम्ही याल का?''

मी चौदा स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवलं!

जळगावच्या ताई

पाचव्या मजल्यावरची बोर्ड रूम. एसी, लांबलचक टेबल, बिस्किटं. एका बाजूला डिपार्टमेंटचे हेड, मेट्रन, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, अ‍ॅडमिनचे एक साहेब. दुसऱ्या बाजूला आम्ही पाच पालक. वॉर्डात कुणी कुणाला नावानं ओळखत नाही, गावानं ओळखतात. जळगावच्या ताई. बीडचे दादा, ऊसतोडीला जाणारे. जौनपूरचे भय्या, काळी-पिवळी चालवणारे. मालवणच्या आजी, नातीला घेऊन आलेल्या. आणि मी.

माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांची मुलं वर्ष-दीड वर्ष इथे आहेत आणि माझा भाचा तीन महिने. तरी पहिल्यांदा बोलायला मलाच सांगितलं. का? तर मी इंग्रजीत तक्रार केली होती. बीडच्या दादांनी तोंडी केलेल्या तक्रारी हवेत विरल्या, माझी कागदावर राहिली. एवढाच काय तो फरक.

मी सुरू झालो. 'पेशंट जर्नी', 'पेन पॉइंट्स' वगैरे. तिसऱ्या स्लाइडला जळगावच्या ताई म्हणाल्या, ''भाऊ, ते नंतर दाखवा. आधी मला सांगा, ताप किती वाजता आला होता?''

''अकराला.''

''आणि तुम्ही निघाले किती वाजता?''

खोलीत शांतता. मी सांगितलं, तीननंतर. औषधानं ताप उतरला म्हणून आम्ही झोपलो.

त्या म्हणाल्या, ''म्हणजे तीन तास त्यांचे गेले आणि चार तास तुमचे. दोन्ही काढायचे आहेत ना?''

मला खूप राग आला. खरं तर लाज वाटली, पण पहिल्यांदा रागच येतो. कारण डिस्चार्जच्या वेळी दिलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. अकरा नंबरचा मुद्दा, इंग्रजीत. ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्वरित या, परस्पर तापाचं औषध देऊन वाट बघत बसू नका. मी तो कागद वाचला होता. आपण 'टर्म्स अँड कंडिशन्स' वाचतो ना, तसा. ताईला तो कुणी वाचून दाखवला नव्हता. हॉस्पिटलनं नाही, आणि मीही नाही.

उरलेल्या अकरा स्लाइड मी दाखवल्या नाहीत.

एक पिवळं कार्ड

त्यानंतरच्या तीन-चार मीटिंगा फक्त तापावर झाल्या. आधी मीटिंगचीच जागा बदलली. बोर्ड रूममध्ये साहेबांसमोर कुणी तोंड उघडत नव्हतं, म्हणून आम्ही मुलांच्या खेळायच्या खोलीत बसायला लागलो. डिपार्टमेंटचे हेड बुटक्या लाल खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसले की आपोआप वातावरण सैल व्हायचं. जौनपूरच्या भय्यांनी मुद्दा काढला की शनिवारी अकराला यायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई बुडते. मग मीटिंग डे केअरच्या दिवशी ठेवली. मूल आत कीमोच्या खुर्चीवर, आम्ही शेजारच्या खोलीत. असल्या बारीक गोष्टी माझ्या कुठल्याच स्लाइडवर नव्हत्या.

ठरलं असं की प्रत्येक मुलाला एक कार्ड द्यायचं. ताप आला की ते कॅज्युअल्टीत दाखवायचं. पहिला मसुदा मी केला, अर्धं पान मजकूर. बीडच्या दादांनी हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, ''मला वाचता येत नाही. मग मी काय करायचं?'' दुसऱ्या मसुद्यात थर्मामीटरचं चित्र काढलं. दादा म्हणाले, ''आमच्या कोपीवर कुठं आलं थर्मामीटर? आम्ही हात लावून बघतो.'' मग सोशल वर्कर मॅडमनी देणगीदारांकडून थर्मामीटर मिळवले आणि डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांनी ते लावून दाखवायचं आणि पालकांकडून लावून घ्यायचं असं ठरलं. नुसतं दिलं असं नाही. लावून घ्यायचं.

इनचार्ज सिस्टरांनी दुसरी बाजू मांडली. त्या एरवी फार बोलत नाहीत. ''तुम्ही कार्ड दाखवाल हो. पण रात्री कॅज्युअल्टीत एकच सिस्टर असते आणि तिच्याकडे औषधच नसतं. ती काय कार्डच टोचणार?'' खरंच होतं. मग पहिल्या डोसचं अँटिबायोटिक कॅज्युअल्टीच्या कपाटातच ठेवायचं ठरलं. ते लिहून देण्याचा, भरून ठेवण्याचा आणि हिशोबाचा घोळ अ‍ॅडमिनच्या साहेबांनी दोन महिने घोळवून एकदाचा सोडवला. सुरुवातीला ते मला व्हिलन वाटायचे. पण एक डोस जरी बेहिशेबी गेला तर ऑडिटमध्ये त्यांची मान अडकते, हे त्यांनीही आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये कार्ड निघालं. पिवळं. मराठी आणि हिंदी, तीन ओळी. 'या मुलाचं कीमो चालू आहे. ताप आला आहे. आधी अँटिबायोटिक, मग केसपेपर.' मागे डे केअरचा फोन नंबर आणि थर्मामीटरचं चित्र. कॅज्युअल्टीत एक वही ठेवली, त्यात फक्त दोन वेळा लिहायच्या : मूल किती वाजता आलं, पहिला डोस किती वाजता गेला. दर मीटिंगला ती वही वाचायची, चांगली-वाईट सगळी.

जून २०२३ मध्ये गुंड्याला पुन्हा ताप आला. पाऊस धो-धो. ताईनं थर्मामीटर लावला, कार्ड पर्समध्ये टाकलं आणि मला उठवलं, ''चल.'' या खेपेला दारापासून सुईपर्यंत पस्तीस मिनिटं लागली. तो दोन दिवसांत खेळायला लागला. त्या रात्री वहीत त्याची वेळ लिहिताना सिस्टरांचा पेन चालत नव्हता. मी माझा दिला. परत मागितला नाही.

उपाशी राहण्याचा प्रश्नही असाच सुटला. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम मीटिंगला आल्या आणि म्हणाल्या, नियम रात्री बाराचा नाहीच. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. मग बारा कुठून आलं? तर नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नसायचं, म्हणून सरसकट सगळ्यांना बारा. मालवणच्या आजी म्हणाल्या, ''मग नंबर आदल्या दिवशी लावा. आणि बारक्यांना आधी घ्या, मोठी पोरं थांबतील.'' आदल्या संध्याकाळी वेळेसकट यादी लागायला लागली. लहान मुलं आधी. एवढंच! ना मशीन आणलं, ना बजेट लागलं.

पालकांनी काय बदललंय

नंतर मी थोडं वाचायला लागलो. जुनी सवय. तेव्हा कळलं की आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंचसं आई-बापांनी भांडून मिळवलंय. इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकातही हॉस्पिटलमधल्या मुलांना आई-वडिलांनी ठरावीक वेळीच भेटायचं, अशी पद्धत होती. १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालानं सांगितलं की पालकांना केव्हाही येऊ द्या. तरी हॉस्पिटलं बदलेनात, म्हणून १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसीमधल्या काही आयांनी गट काढला आणि पाठपुरावा केला. अमेरिकेत फिलाडेल्फियाचा फ्रेड हिल नावाचा फुटबॉलपटू ल्युकेमिया झालेल्या मुलीसाठी हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर रात्री काढत होता. बाकीच्या पालकांचे हाल त्यानं बघितले. डॉ. ऑड्री इव्हान्स यांच्या साथीनं १९७४ मध्ये तिथे पालकांसाठी पहिलं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उभं राहिलं. १९९४ मध्ये कॅन्सरग्रस्त मुलांच्या पालक संघटनांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि २००२ पासून १५ फेब्रुवारी हा बालकर्करोग दिन पाळायला सुरुवात केली.

आपल्याकडेही कामं झालीत. पूनम बगाई स्वतः कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या. त्यांनी २००४ मध्ये 'कॅनकिड्स' सुरू केली. २००६ मध्ये मुंबईत 'सेंट ज्यूड' सुरू झालं, बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांसकट मोफत राहायला जागा देणारं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तर परळच्या टाटा मेमोरियलला येणाऱ्या पेशंटांना वर्षानुवर्षं आसरा देतेय.

या सगळ्याची गरज का, तर आकडे बघा. जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांपेक्षाही कमी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभरात निदान ६० टक्के मुलं वाचायला हवीत. यात औषधांचा प्रश्न आहेच, उशिरा होणाऱ्या निदानाचाही आहे. पण एक मोठं कारण म्हणजे अर्ध्यावर सोडलेले उपचार.

आम्हाला वाटतं, असे कसे सोडतात लोक? बीडच्या दादांनी सांगितलं. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली. दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायचंच, नाही तर पैसे परत. मुलाच्या गोळ्या चालू होत्या, पण दर खेपेला नुसती रक्ततपासणी करायला कारखान्यावरून मुंबई? ''सरकारी योजनेत औषध फुकट हाय साहेब. पण एसटी फुकट नाय आन् हजेरी फुकट नाय.'' त्यावर उपाय निघाला तो असा : रक्त जवळच्या तालुक्याला तपासायचं, रिपोर्टचा फोटो डे केअरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, डॉक्टर गोळ्यांचा डोस फोनवर सांगणार. मुंबई फक्त ठरलेल्या मोठ्या तारखांना. दादांच्या मुलाचे उपचार सुटले नाहीत.

रकाना नसलेली गोष्ट

जळगावच्या ताईंच्या मुलीचा आजार उलटला होता. नऊ वर्षांची होती. चित्रं छान काढायची. गुंड्याला तिनं एक ट्रॅक्टर काढून दिला होता, तो अजून आमच्या फ्रिजवर आहे. मे २०२३ मध्ये ती गेली. ताई आणि त्यांचे मिस्टर गावी गेले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. आणखी काय टाकणार? मला वाटलं, आता त्या परत या इमारतीचं तोंडही बघणार नाहीत. मी असतो तर बघितलं नसतं.

ऑगस्टच्या मीटिंगला त्या आल्या. एकट्या. रात्रीच्या गाडीनं. कुणी बोलावलं नव्हतं. नेहमीच्या निळ्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ''मला पाच मिनिटं पाहिजेत.''

त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मुलगी पहाटे पाचला गेली. त्यानंतर यांना खाली बिलिंगला पाठवलं, तिथून सहीसाठी वर, परत खाली. खाली ओपीडीची गर्दी सुरू झालेली. एका खिडकीवर विचारलं, ''पेशंटचं नाव? आज डिस्चार्ज का?'' त्यांनी हो म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगायचं ते सुचलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स कुठे मिळते, जळगावपर्यंत किती घेतात, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. बाहेर एकानं वाटेल तो भाव सांगितला, त्यांनी दिला. आणि मग दोन वर्षं रोजचा संबंध असलेल्या या ठिकाणाहून त्यांना एकही फोन आला नाही.

''तुमच्या फॉर्ममध्ये याचा रकाना नाही,'' त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. ''कारण पोरगं गेलं की फॉर्म देतच नाहीत.''

डिपार्टमेंटचे हेड लाल खुर्चीत खाली बघत बसले होते. इनचार्ज सिस्टर उठून बाहेर गेल्या, दोन मिनिटांनी डोळे पुसून आत आल्या. त्या म्हणाल्या, ''फोन करावासा वाटायचा हो. पण आईला आमचा आवाज ऐकून आणखी त्रास झाला तर, म्हणून हिंमत नाही झाली.'' जळगावच्या ताई म्हणाल्या, ''त्रास तर आहेच सिस्टर. फोन आला असता तर वाटलं असतं, माझी पोरगी इथे कुणाला तरी आठवते.''

त्या दिवशी ठरलं. मूल गेलं तर घरच्यांनी कुठल्याही खिडकीवर जायचं नाही, कागद घेऊन माणूस वॉर्डात येईल. अ‍ॅम्ब्युलन्सचे नंबर आणि जिल्ह्याजिल्ह्याचे रास्त दर वॉर्डात लिहून ठेवायचे. आणि महिन्याभरानं त्या मुलाला ओळखणाऱ्या कुणीतरी एक फोन करायचा. डॉक्टर, सिस्टर, सोशल वर्कर, कुणीही. पहिला फोन इनचार्ज सिस्टरांनी केला.

मी इतकी वर्षं समजत होतो की फीडबॅक म्हणजे कस्टमरला खूश ठेवायची ट्रिक. जळगावच्या ताईंना खूश करण्यासारखं कुणाकडे काय होतं? त्यांना त्यातलं काहीच परत मिळणार नव्हतं. तरी त्या चारशे किलोमीटर आल्या, म्हणजे पुढच्या आईला त्या खिडकीवर उभं राहायला लागू नये.

आणि आज

जानेवारी २०२५ मध्ये गुंड्यानं शेवटची गोळी घेतली. तो साताऱ्याला शाळेत जातो, गणितात कच्चा आहे, क्रिकेटमध्ये पक्का. तपासण्या चालू आहेत, प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री ताई मला फोन करून भलत्याच विषयावर बोलते. आणि मी दर महिन्याला त्या खेळाच्या खोलीत जातो. जळगावच्या ताई दोन-तीन महिन्यांतून एकदा येतात. नव्या पालकांना थर्मामीटर कसा लावायचा ते त्याच शिकवतात.

सगळं काही छान झालंय असं नाही. वहीत अजूनही एखादी दोन तासांची नोंद निघते. नवा डॉक्टर, सुट्टीचा दिवस, कार्ड घरी विसरलेलं. मग आम्ही परत बसतो.

ऑफिसमध्ये मी एक गोष्ट बदलली. दर शुक्रवारी दुपारी मी आणि टीममधला एक जण शेवटच्या चौकोनातली पन्नास उत्तरं वाचतो आणि त्यातल्या पाच जणांना फोन करतो. बॉस म्हणाला, याचा ग्राफ कसा काढणार? म्हटलं, नाही काढणार.

तुम्हाला काही करावंसं वाटलं तर मुलांच्या वॉर्डात केक आणि फुगे घेऊन जाऊ नका, इन्फेक्शनची भीती असते. प्लेटलेट्स द्या. त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून रक्तपेढीला सतत नवा माणूस लागतो. तास-दीड तास एका खुर्चीत बसायचं, बस. आमच्या ऑफिसातले अकरा जण आता आळीपाळीनं जातात. मागच्या खेपेला मी बसलो होतो. झाल्यावर रक्तपेढीतल्या मुलीनं बिस्किटाचा पुडा दिला आणि सोबत एक फॉर्म.

स्टार भरून झाल्यावर मी शेवटच्या चौकोनापाशी थांबलो. मग विचारलं, ''हे तुम्ही वाचता का?''

ती म्हणाली, ''वाचते ना. खुर्चीचं हँडल डावीकडून तुटलंय असं एकानं लिहिलं होतं. परवाच बदललं.''

मी पेन उघडलं आणि लिहायला लागलो.